आधी ताट, मग तागा

मुंबईच्या कापड बाजारात एका नायजेरियन व्यापाऱ्याने आम्हाला "आज रात्री सुया खायला चला" असे सांगितले, तेव्हा ऐकण्यात काहीतरी चूक झाली असे आम्हाला वाटले. कापडवाल्याला सुया माहीत असतात त्या शिवणकामाच्या. त्या खायच्या कशा? मग त्याने दोन बोटांत काडी धरल्याची खूण केली, निखाऱ्यावर पंखा हलवल्यासारखे केले, आणि हा आपल्या सीख कबाबासारखा काही प्रकार असावा हे आमच्या लक्षात आले. या सुयांनी आम्हाला धंद्याचा एक धडा दिला. तो आमच्याच चुकीपासून सुरू होतो, म्हणून आधी चूक सांगतो.

आमचे दुकान आशागडला आहे. माल मुंबईहून येतो. महिन्यातून दोनदा डहाणू रोडहून पहाटेची गाडी धरायची, घाऊक बाजारात फिरायचे आणि रात्री परतायचे, हा आमचा जुना क्रम. गेल्या हिवाळ्यात असेच एका घाऊक गाळ्यावर बसलो होतो. उत्तर नायजेरियातल्या कानो शहराचा एक व्यापारी तिथे आला. डोक्यावर कशिद्याची टोपी, अंगात पायघोळ झगा. त्याच्या सोबतचा दलाल त्याला 'अल्हाजी' म्हणत होता. हज करून आलेल्याला त्या मुलखात असेच म्हणतात. आल्याबरोबर अल्हाजींनी सलाम केला. गाळ्यावरच्या पोराने सलामाचे उत्तर दिले नाही. आमच्याकडे बघून डोळा मारला आणि "कालू आला" असे हळूच म्हणाला. अर्ध्या तासापूर्वी आम्हाला जो भाव सांगितला होता, त्यापेक्षा मीटरमागे 12 रुपये जास्त भाव त्यांना सांगितला. अल्हाजींनी घासाघीस केली नाही. फक्त एक तागा उलगडून मोजायला लावला. चिठ्ठीवर 20 मीटर लिहिले होते, भरले पावणेएकोणीस.

आम्ही तिथेच बसून चहा पीत होतो. तीस वर्षे या धंद्यात काढली आहेत. भाव चढवलेला आम्हाला कळत होता, मापही दिसत होते. तोंड मात्र उघडले नाही. गाळेवाला उधारीवर माल देतो, त्याला दुखवायचे कशाला, असा हिशेब मनात होता. अल्हाजींनी तागा पुन्हा गुंडाळून ठेवला, एकच शब्द उच्चारला, "अमाना", आणि ते उठले. हा शब्द आमच्या काळजात रुतला. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. अमानत म्हणजे काय हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. माप मारणाऱ्यांच्या नावाने कुरआन शरीफात एक सूराच आहे, मुतफ्फिफीन. ती पाठ असलेला माणूस चहा पीत गप्प बसला होता.

आम्ही जिना उतरून त्यांच्या मागे गेलो आणि माफी मागितली. मोडक्यातोडक्या हिंदीत ते म्हणाले, "तुम्ही मागे आलात, हे पुष्कळ झाले." आणि वर दावत आम्हालाच दिली. मीरा रोडला त्यांच्या ओळखीची एक खानावळ होती, आमच्या परतीच्या वाटेवरच.

खरे सांगायचे तर आम्ही बिचकलो. मीरा रोड, वसई, नालासोपारा या पट्ट्यात आफ्रिकी लोक राहतात हे आपल्याला वर्तमानपत्रांतून माहीत असते, आणि तिथे त्यांची बातमी बहुधा पोलीस ठाण्यातूनच येते. अमली पदार्थांचे गुन्हे झाले आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. ज्याने गुन्हा केला त्याला कायद्याने शिक्षा द्यावी. पण वस्तीतल्या एका माणसाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या वस्तीकडे संशयाने पाहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला दुसऱ्याने शिकवावे काय? घर भाड्याने मागताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा पालटतो, हे आपल्यातल्या किती जणांनी पाहिले आहे! आम्ही गेलो.

खानावळ म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, चार टेबले, भिंतीवर टीव्हीवर फुटबॉलचा सामना. चालवणारी बाई दक्षिण नायजेरियातली, ख्रिस्ती. आमचा पहिला प्रश्न अर्थातच हलालचा होता. बाईने हसून बाहेर बोट दाखवले. मटण नाक्यावरच्या आपल्याच खाटिकाकडून येते. तिच्याकडे मुसलमान गिऱ्हाईकही येते, म्हणून दुसरीकडून ती घेतच नाही. तिकडे सुया बहुतेक गाईबैलाच्या मांसाच्या करतात. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हणून इथे बाई बकऱ्याच्या आणि कोंबडीच्या करते.

आता पदार्थाविषयी, कारण वाचकांत कबाबवाले आणि खानावळवालेही आहेत. चरबी नसलेल्या मांसाच्या पातळ चकत्या कापायच्या. त्या काडीवर कापडाची घडी घालावी तशा चपट्या ओवायच्या. त्यावर 'याजी' नावाचा मसाला चोळायचा, वर शेंगदाण्याचे तेल शिंपडायचे आणि कोळशाच्या निखाऱ्यावर भाजायचे. काडी उतरल्यावर पुन्हा कोरडा याजी भुरभुरायचा. सोबत कच्चा कांदा आणि टोमॅटो. तिकडे रस्त्यावर हे सगळे जुन्या वर्तमानपत्रात बांधून देतात. आपला सीख कबाब खिम्याचा, मऊ. सुया चावून खायची, खमंग आणि चांगलीच तिखट. पहिल्या घासाला आमच्या डोळ्यांतून पाणी आले. दुसऱ्या घासाला आम्ही आणखी दोन काड्या मागवल्या.

याजीत सुंठ, लाल मिरची, मीठ आणि त्यांच्याकडचे किंबा व मसोरो हे मिरीसारखे मसाले असतात. पण त्याचा पाया आहे शेंगदाण्याची पेंड. तेल काढून झाल्यावर जो चोथा उरतो, तो आपण म्हशीपुढे टाकतो. हौसा बायका तो पिळून, वळून, तेलात तळतात. त्याला 'कुली कुली' म्हणतात. तो नुसता खातात आणि त्याची पूड मसाल्यात घालतात. कटपीसचा धंदा करणाऱ्यांना हे चटकन समजेल. ताग्याचा शेवटचा तुकडा ज्याला विकता आला तोच खरा व्यापारी. मांसाच्याच पातळ पापडासारख्या चकत्या उन्हात वाळवून, शेंगदाण्याचा लेप लावून, परत भाजून 'किलिशी' करतात. ती बरेच दिवस टिकते आणि प्रवासात नेतात. आपल्या डहाणूच्या किनाऱ्यावर दांड्यांवर वाळणारे बोंबील ज्याने पाहिले आहेत, त्याला यात नवल वाटणार नाही.

ही सुया मूळची उत्तर नायजेरियातल्या हौसा मुसलमानांची. पण आज ती साऱ्या देशाची झाली आहे. घाना, कॅमेरून, सुदान इथेही तिची भावंडे आहेत. लागोससारख्या दक्षिणेतल्या शहरात संध्याकाळ झाली की नाक्यानाक्यावर हौसा सुयावाला निखारे पेटवतो. त्याला 'मै सुया' म्हणतात, म्हणजे सुयावाला. त्याचे गिऱ्हाईक ख्रिस्ती असते, मुसलमान असते, मोटारवाला असतो आणि हमालही असतो. नायजेरियाच्या उत्तरेत आणि दक्षिणेत, मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्यात कितीतरी कटू प्रसंग घडले आहेत. 1966 साली उत्तरेत झालेल्या कत्तली आणि त्यानंतर 1967 ते 1970 चे बियाफ्राचे युद्ध जगाला माहीत आहे. तरीही मांसासारखी नाजूक वस्तू, जी नासकी निघाली तर माणूस आजारी पडतो, ती दक्षिणेतला ख्रिस्ती माणूस हौसाच्या हातून बेधडक घेऊन खातो. का? अल्हाजी म्हणाले, "सुयावाला रोज त्याच जागी उभा असतो. आज फसवले तर उद्या उभा राहील कुठे?" हीच अमानत, आणि हीच त्याची पाटी.

जेवताना आम्ही शब्दांचा खेळ मांडला. आम्ही उर्दू शब्द म्हणायचा, त्यांनी हौसा. आम्ही दलाल म्हटले, ते म्हणाले 'दिल्लाली'. आम्ही ताजिर, ते 'अत्ताजिरी'. आम्ही सनअत, ते 'सनआ', म्हणजे हुन्नर. आम्ही आफियत, ते 'लाफिया'. समोरच्या कांद्याला ते 'अल्बासा' म्हणाले, तेव्हा आम्हाला अरबीतला बसल आठवला. एक शब्द मात्र दचकवणारा निघाला. हौसात नुसत्या नफ्याला 'रिबा' म्हणतात, आणि आपल्याकडे रिबा म्हणजे व्याज! आम्ही दोघेही खूप हसलो. हौसा भाषा पूर्वी अरबी लिपीतही लिहीत, तिला ते 'अजमी' म्हणतात. हजारो मैलांवरच्या त्या माणसाशी बोलायला आमची उर्दू शाळा उपयोगी पडली. घाऊक बाजारात मात्र त्याच माणसाला 'कालू' या शब्दापलीकडे नाव नव्हते.

या शब्दाविषयी थोडे स्पष्ट बोलू. हज्जतुल विदाच्या खुतब्यात हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व केवळ तकव्याने, असे फर्मावले. इस्लामचे पहिले मुअज्जिन हजरत बिलाल हबशी होते. आपल्याच महाराष्ट्रात गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि 1610 च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झाले. आपल्या कोकणातला जंजिरा सिद्दींचा. हे सगळे आपण जलशात अभिमानाने सांगतो, आणि सोमवारी गाळा उघडला की सलामाचे उत्तर गिळून टाकतो.

हा नुसत्या शिष्टाचाराचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. अफवेने माणसे मरतात. 28 सप्टेंबर 2015 रोजी दादरीजवळच्या एका गावात घरात कसले मांस आहे या अफवेवरून एका मुसलमान गृहस्थाला जमावाने ठार केले. त्याच गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, ग्रेटर नोएडात, मार्च 2017 मध्ये एक मुलगा बेपत्ता झाला, तेव्हा शेजारच्या नायजेरियन तरुणांनी त्याला खाल्ले अशी आवई उठली, आणि पुढे जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना बेदम मारहाण केली. जिल्हा एकच, आणि दोन्ही वेळा अफवा ताटाची. फरक एवढाच की पहिल्या वेळी आपण रडलो, दुसऱ्या वेळी बातमी वाचून पान उलटले. आणि आम्ही डहाणू तालुक्यातले लोक तर गडचिंचले कधी विसरणार नाही. 16 एप्रिल 2020 च्या रात्री मुले पळवणारे आले या अफवेवरून आमच्याच तालुक्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांचे जीव गेले. अनोळखी चेहरा दिसला की सर्वांत वाईट तेच खरे मानायचे, ही सवय कोणत्या दिवशी कोणाचा घास घेईल याचा नेम नाही. परक्याच्या ताटात काय आहे हे कळण्याचा उपाय एकच, त्याच्या शेजारी बसून जेवणे.

आता धंद्याकडे येऊ. नायजेरियाची वस्ती 20 कोटींच्या वर आहे. आफ्रिकेत सर्वांत जास्त. तिथे कापड हा लग्नाचा, ईदचा, मयतीचा, प्रत्येक प्रसंगाचा मान आहे. आपल्या देशाचे कापड तिथे आजचे नव्हे. मद्रासचा चौकड्याचा रुमाल पिढ्यान्‌पिढ्या पश्चिम आफ्रिकेला जात आला आहे. 'जॉर्ज' नावाने ओळखले जाणारे भारतीय कापड आजही तिथल्या इग्बो आणि नदीकाठच्या लोकांत लग्नाला नेसतात. कालाबारी जमातीच्या बायका तर आपल्या मद्रास कापडातले धागे एकेक कापून काढून त्यातून नवी नक्षी तयार करतात. असे कसबी गिऱ्हाईक माप आणि वीण ओळखणार नाही, असे ज्याला वाटते तो स्वतःलाच फसवतो. खुद्द कानोत कोफार माता इथल्या निळीच्या कुंडांची परंपरा 1498 पासूनची सांगतात. त्याच शहरातला कांतीन क्वारी हा मोठा कापड बाजार. तिथे आज चिनी माल भरलेला आहे. चिनी माल स्वस्त आहे हे खरे. पण आपण मीटरमागे 12 रुपये चढवून सव्वा मीटर कापत असू, तर चिनी व्यापाऱ्याला आणखी मदत ती कसली करायची?

अल्हाजींनी त्या खेपेचा माल सुरतेला घेतला. किती घेतला ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पण निरोप देताना ते बोलले ते आमच्या व्यापारी बंधूंनी ऐकावे असे आहे. कानोतून कोणी माणूस मुंबईला निघाला की दहा जण त्याला विचारतात, कोणत्या गाळ्यावर जायचे आणि कोणत्या नाही. म्हणजे आपल्या गाळ्याची पाटी मुंबईत लागते, पण ती वाचली जाते कानोत.

तेव्हा आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली, आफ्रिकी गिऱ्हाइकाला तोच भाव सांगा जो तुम्ही मालेगावच्या किंवा भिवंडीच्या व्यापाऱ्याला सांगता. दुसरी, त्याच्यासमोर तागा मोजा, आणि नमुन्याचा तुकडा बिलाला टाचून द्या, म्हणजे पाठवलेला माल नमुन्याबरहुकूम आहे की नाही हे त्याला घरी बसून ताडता येईल. तिसरी, बिल पक्के द्या. परदेशी माणूस कस्टममध्ये अडकतो तो कच्च्या चिठ्ठीने. चौथी, गाळ्यावरच्या पोरांना सलामाचे उत्तर द्यायला आणि माणसाला नावाने हाक मारायला शिकवा. पगार आपण देतो, तर जिभेची जबाबदारीही आपलीच. आणि पाचवी, आमच्यासारख्या गप्प बसणाऱ्यांसाठी: शेजारी बसून माप मारलेले पाहिलेत तर चहा खाली ठेवा आणि बोला. उधारी तुटली तर दुसरी मिळेल.

कोणी म्हणेल, आशागडच्या दुकानात कुठला नायजेरियन येणार? बरोबर आहे. पण आमच्या दुकानात वारली येतो. आमच्या लहानपणी आशागड-तलासरीच्या बाजूला असे दुकानदार होते की वारली बाईला ओटीवर चढू देत नसत. लुगडे लांबूनच दाखवायचे, भाव मनाला येईल तो सांगायचा, आणि हातभर कमी कापायचे. मरहूम वालिदसाहेब तिला आत बोलावून, आधी पाणी देऊन, मग तागा उलगडत. तेव्हा त्यांना लोक वेडे म्हणत. आज त्या बायकांच्या नाती आमच्याकडे लग्नाचे कापड घ्यायला येतात. आमच्या दुकानाची बरकत आम्ही कमावलेली नाही, ती त्या पाण्याच्या तांब्याची आहे. मुंबईच्या त्या गाळ्यावर बसून आम्ही हे विसरलो होतो, आणि कानोच्या माणसाने ते आठवण करून दिले.

यंदा बकरी ईदला आम्ही घरी सुया केल्या. किंबा आणि मसोरो मिळाले नाहीत, म्हणून काळी मिरी वापरली. पेंड मिळाली नाही, म्हणून शेंगदाणे भाजून, कुटून, कपड्यात पिळून तेल काढले. चकत्या जाड झाल्या आणि दोन काड्या जळाल्या. अल्हाजींना फोनवर फोटो पाठवला. त्यांचे उत्तर आले की मांस पातळ कापा, घाई करू नका, आणि पुढच्या खेपेस ते मसाला घेऊन येत आहेत. कोणत्या गाळ्यावर जायचे तेही त्यांनी आम्हालाच विचारले आहे. आम्ही अजून नाव कळवलेले नाही. आधी स्वतः जाऊन तिथला तागा मोजून पाहणार आहोत.